संधिवात नसलेल्यांच्या गोळ्या

खांदेश्वरला माझं औषधांचं दुकान होतं. अजूनही आहे, पण आता ते माझी पुतणी चालवते आणि मला काउंटरच्या आत येऊ देत नाही. काका गिऱ्हाइकांशी फार बोलतात, असं तिचं म्हणणं. ते खोटं नाही. तीसेक वर्षं मी गोळ्यांबरोबर मतंही देत आलो, आणि मतांना चिठ्ठी लागत नसल्यामुळे त्यांचा खप गोळ्यांपेक्षा जास्त होता.

आमच्या धंद्यातल्या माणसाला लोक अर्धा डॉक्टर समजतात. खरं काम अगदी साधं असतं. चिठ्ठी वाचायची, तिच्यावर लिहिलेली गोळी शोधायची, मुदत बघायची आणि ती कशी घ्यायची ते समजावून द्यायचं. यात डॉक्टरकी कुठेच नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या गावातून फार्मसीचा डिप्लोमा करून आलेला माणूस, अंगात पांढरा कोट, समोर रांग, आणि रांगेतला कोणीतरी म्हणतो, ‘साहेब, घसा दुखतोय, काय घेऊ?’ अशा वेळी ‘डॉक्टरकडे जा’ म्हणायला फार मोठं मन लागतं. माझं तेवढं मोठं नव्हतं.

माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांमध्ये दोन माणसं अशी होती की ज्यांच्यावाचून ही हकीकत सांगता येणार नाही. एक म्हणजे साळवी. आमच्याच सोसायटीचे चेअरमन, एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते रक्तदाबाची गोळी अर्धी करून घ्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, तर ‘अर्ध्यात भागतंय’ असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं म्हणून. मी त्यांना विरोध केला नाही. उलट गोळी सरळ तुटावी म्हणून एक छोटं कटर भेट दिलं. यावरून माझी योग्यता लक्षात यावी.

दुसऱ्या नर्मदाबाई घरत. खाडीच्या बाजूच्या एका जुन्या गावातल्या. शेती नवी मुंबईच्या प्रकल्पात गेली, जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत झाली, पण नर्मदाबाईंनी तळमजल्यावरची चूल सोडली नव्हती. त्या तांदळाच्या भाकऱ्या करायच्या. मुलगा टेम्पो घेऊन वाशीच्या एपीएमसी मार्केटला जायचा, तो जाताना माथाडी कामगारांच्या एका खानावळीत त्या भाकऱ्या पोचवायचा. तांदळाची भाकरी लाटत नाहीत, ती हातावर थापून मोठी करतात. म्हणजे सगळं काम बोटांचं. आणि नर्मदाबाईंना बोटांचाच संधिवात होता.

हा संधिवात म्हाताऱ्या गुडघ्यांच्या झिजेचा नव्हे. यात शरीराचे पहारेकरीच बिथरतात. बाहेरून आलेल्या जंतूवर उगारायची काठी ते आपल्याच सांध्यांवर चालवतात. सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, आणि दुर्लक्ष झालं तर बोटं वाकडी होतात ती कायमची. औषधांचं काम म्हणजे या पहारेकऱ्यांना जरा शांत बसवणं. नर्मदाबाईंना दोन गोळ्या होत्या. एक रोजची आणि एक आठवड्यातून एकदाच घ्यायची. ही दुसरी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. नर्मदाबाईंना वाचता येत नव्हतं. म्हणून मी महिन्याच्या चार पुड्या बांधून प्रत्येकीवर शनिवारची खूण म्हणून मारुतीची गदा काढून द्यायचो. माझं चित्र बघून त्या म्हणायच्या, “शनवारी वांगा खायाचा, येवरा मना समजला.” वांगं तर वांगं, पण सोळा वर्षांत त्यांची एकदाही चूक झाली नाही. माझ्या कारकिर्दीत मी अभिमानानं सांगावं असं जे थोडं आहे, त्यात हे वांगं येतं.

रोजची गोळी होती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ही मुळात हिवतापाची. पुढे संधिवातालाही ती चालते असं डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि ती तिकडे स्थायिक झाली. माझ्या दुकानात तिला खालून दुसरा कप्पा होता. तिच्याकडे कोणी बघत नसे. महिन्याला मोजकी पाकिटं यायची, नर्मदाबाई आणि आणखी दोघी-तिघी बाया ती न्यायच्या, संपलं.

मग तो रोग आला आणि सगळं बंद झालं. उघडी राहिली ती दूध, किराणा, भाजी आणि आमची दुकानं. त्याच सुमारास टीव्हीवर आणि फोनवर एक बातमी फिरायला लागली की या नव्या विषाणूवर संधिवाताची जुनी गोळी गुणकारी आहे. परदेशातले बडे पुढारीही तसं म्हणाले. आपल्याकडे आधी डॉक्टर-नर्स मंडळींना ती द्यायचं ठरलं. मला आठवतंय, मी ती बातमी दुकानात उभ्यानं वाचली आणि खालून दुसऱ्या कप्प्याकडे बघितलं. इतकी वर्षं आपल्या घरी राहिलेला भाडेकरू एकदम मंत्री झाला, असं काहीतरी वाटलं.

जुनं औषध नव्या रोगाला वापरून बघणं यात मूर्खपणा काहीच नाही. नवीन औषध बनवायला वर्षानुवर्षं लागतात. जुन्याचं बरंवाईट माहीत असतं, कारखाने तयार असतात, गोळी स्वस्त असते. शिवाय या रोगात काही माणसं विषाणूपेक्षा स्वतःच्या बिथरलेल्या पहारेकऱ्यांमुळेच जास्त आजारी पडत होती. मग पहारेकऱ्यांना शांत करणारं औषध का चालू नये? शंका रास्त होती. फक्त ती शंका होती, उत्तर नव्हतं. हा फरक मला आज कळतो. तेव्हा मी सोसायटीच्या गेटवर, सहा फुटांच्या अंतरानं उभ्या केलेल्या सात-आठ जणांना पहारेकऱ्यांचं उदाहरण देऊन असं काही समजावून सांगितलं की साळवींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी रांग लागली होती.

नाव कोणालाच धड घेता येत नव्हतं. कोणी ‘हायड्रो’ मागत होतं, कोणी ‘कोरोक्विन’, एका बाईंनी ‘ती ट्रम्पेटवाली’ असं काहीतरी म्हटलं आणि मी ओळखलं. चिठ्ठी कोणाकडेच नव्हती. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण मला त्या दिवशी आपण लोकांचे जीव वाचवतोय असं वाटत होतं, आणि जीव वाचवणारा माणूस चिठ्ठी मागत बसत नाही. साळवींनी चार पाकिटं नेली. दुपारपर्यंत कप्पा रिकामा झाला. स्टॉकिस्टला फोन केला तर त्याच्याकडेही संपत आलेली. त्यानं जी शेवटची पाच पाकिटं दिली, ती मी दुकानात ठेवलीच नाहीत. घरी नेली आणि कपाटात, चादरींच्या मागे ठेवली. घरच्यांसाठी.

घरच्यांमध्ये पहिला नंबर माझा. प्रतिबंधक म्हणून मी स्वतःच डोस ठरवला आणि घेतला. तिसऱ्या दिवशी पोटात असा मुरडा उठला की दुकान अर्धा दिवस बंद ठेवावं लागलं. छाती धडधडायला लागली, तोंडाची चव गेली. चव गेली म्हटल्यावर सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला सरळ आतल्या खोलीत कोंडलं. चार दिवस ताट दाराबाहेर ठेवायची आणि चमच्यानं दार वाजवायची. तपासणीत रोग निघाला नाही. रोग टाळण्याच्या गोळीनंच रोग्यासारखी अवस्था झाली होती. हे मी सोसायटीत कोणालाही सांगितलं नाही. साळवींना सांगितलं की स्टॉक मोजत होतो.

मी पुन्हा दुकानात आलो त्याच आठवड्यात नर्मदाबाई आल्या. रिक्षा बंद, मुलाचा टेम्पो मार्केटच्या पासवर पहाटेच गेलेला. त्या गावातून चालत आल्या होत्या. मी म्हटलं, माल संपलाय, पुढच्या आठवड्यात येईल. त्या पुढच्या आठवड्यात आल्या. मी तेच सांगितलं. असं महिना-दीड महिना चाललं. मधल्या काळात नियम कडक झाला, चिठ्ठीशिवाय गोळी मिळेना, पण चिठ्ठी असलेल्यांनाही मिळेना. कारण ती आमच्यासारख्यांनी वाटून टाकली होती आणि ती पनवेल ते खारघर प्रत्येक सोसायटीच्या फ्रीजमध्ये अंड्यांच्या शेजारी पडून होती.

पाचव्या की सहाव्या खेपेला त्या आल्या तेव्हा त्यांची बोटं सुजून तुकतुकीत झाली होती. चिठ्ठी त्या एका कापडी बटव्यात ठेवायच्या, बटवा नाडीनं बांधलेला. नाडीची गाठ त्यांना सुटेना. त्यांनी बटवा काउंटरवर माझ्याकडे सरकवला.

“भाऊ, येवरी गाठ सोड.”

मी गाठ सोडली, चिठ्ठी काढली. ती चिठ्ठी मला पाठ होती, तरी उलगडून वाचली, कारण त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. मग त्या म्हणाल्या की गावातली मंडळी अडकलेल्या मजुरांसाठी जेवण करतात, त्यातल्या भाकऱ्या करायचं काम आपल्याकडे आहे, आणि आता हात चालत नाही म्हणून सून करते, पण तिच्या फाटतात. तक्रार करायचा सूर नव्हता. हकीकत सांगत होत्या. आणि माझ्या कपाटात, चादरींच्या मागे, पाच पाकिटं होती, त्यातल्या एकातल्या थोड्या गोळ्या मी स्वतः खाऊन मुरड्यात घालवल्या होत्या.

मी म्हटलं, “नाही हो आली अजून.”

त्या गेल्या. चालत.

घरी जाऊन मी कपाट उघडलं आणि नुसता उभा राहिलो. सुनंदा मागून आली. तिला पाकिटं कुठे आहेत ते माहीत होतं, चादरींच्या घड्या तीच घालते. मी तिला नर्मदाबाईंच्या गाठीचं सांगितलं. ती म्हणाली, “आपल्या घरात कोणाचे सांधे दुखतात?” मी म्हटलं, उद्या आपल्याला झाला तर? तर ती म्हणाली, “तुम्हाला होईल तेव्हा बघू. तिचे हात आत्ता सुजलेत.”

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. दुकानदाराचा पास गळ्यात, पाकिटं पँटच्या खिशात. नर्मदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी खिशातून पाकिटं काढून दिली आणि म्हटलं, “आजच माल आला.” त्यांनी पाकिटं हातात घेतली, उलटसुलट केली, माझ्या खिशाकडे बघितलं आणि पाणी आणायला सुनेला सांगितलं. एवढंच.

तेवढ्यानं भागणार नव्हतं. आणखी दोन जणी अडल्या होत्या आणि माल कधी येईल ते कोणी सांगत नव्हतं. तेव्हा मला सुचलं की जी पाकिटं मी दिली, ती परत मागावीत. कोणाला दिली ते डोक्यात पक्कं होतं, कारण प्रत्येकाला मी व्याख्यान दिलं होतं. तोंडाला मास्क, हातात पिशवी, आणि मी सोसायट्या हिंडायला निघालो. वॉचमन विचारायचा, काय काम? मी म्हणायचो, औषध परत घ्यायला आलोय. औषध द्यायला येणारा त्यांनी पाहिला होता. घ्यायला आलेला मी पहिलाच.

पहिलं घर साळवींचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “तुमच्याच दुकानात बोर्ड आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.” तो बोर्ड मीच रंगवून घेतला होता. मी पहारेकऱ्यांचं उदाहरण पुन्हा सुरू केलं, या वेळी उलट्या बाजूनं. ते म्हणाले, गेल्या महिन्यात तर तुम्ही याच्या विरुद्ध सांगत होतात. दार हळूच लावलं. वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता आणि त्याला घाबरल्यावर काय करावं ते मीच शिकवलं होतं.

एका घरात पाकीट देवघरात होतं, हळदकुंकू लावलेलं. त्या वहिनींनी नमस्कार करून ते उचललं आणि मला दिलं. एकानं ती गोळी दर सोमवारी एक, अशी सुरू केली होती, का ते त्यालाही सांगता येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकांनी मला वर येऊ दिलं नाही, पण गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून दोन पाकिटं खाली सोडली आणि वरून विचारलं, “ज्यांना देणार आहात त्यांना खरंच लागतात ना? की पुन्हा तुमचंच काहीतरी?” खाली उभे असलेले दोन वॉचमन आणि एक दूधवाला यांनी तो प्रश्न ऐकला. मी मान वर करून हो म्हटलं.

आठ-दहा दिवसांत नऊ पाकिटं जमली. ती नर्मदाबाई आणि त्या दोघी यांना माल सुरळीत येईपर्यंत पुरली. या वेळी कुठून आणली ते मी सगळ्यांना सांगितलं. पहिल्या पाचांबद्दल मात्र काही बोललो नाही.

सूज उतरली, पण नर्मदाबाईंच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकली ती सरळ झाली नाहीत. पुढे त्यांच्या डॉक्टरांना मी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, ही बोटं तशीही वाकली असती कदाचित, सांगता येत नाही. मी त्या ‘कदाचित’वर बरेच दिवस काढले. वर्ष सरायच्या आत मोठ्या तपासण्यांचे निकाल आले. ती गोळी त्या रोगाला काही उपयोगाची नव्हती. साळवी मात्र सगळ्यांना सांगत होते की आपल्याला रोग झाला नाही तो तिच्यामुळेच. पुढे त्यांना झाला, तेव्हा म्हणाले, सौम्य झाला तो तिच्यामुळेच.

मी यातून धडा घेतला. फक्त चुकीचा घेतला. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि त्या वेळी मी आजारी पडलो, खरा. ताप उतरेना, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी चढताना दोनदा बसावं लागलं, आणि सुनंदानं मला खारघरच्या एका हॉस्पिटलात नेलं. नाकाला ऑक्सिजन लागला. तिथल्या डॉक्टर, मृण्मयी नाव त्यांचं, वयानं माझ्या पुतणीएवढ्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की ऑक्सिजन वाढवावा लागतोय, स्टेरॉईड चालू आहेच, त्याच्या जोडीला एक गोळी सुरू करू. मी नाव विचारलं. बॅरिसिटिनिब.

मला ती माहीत होती. संधिवाताची, नव्या जातीची, महाग. मी तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हटलं, “मला संधिवात नाही.”

त्या म्हणाल्या, माहीत आहे. मी धापा टाकत त्यांना सांगितलं की मी स्वतः औषधांच्या धंद्यातला माणूस आहे, संधिवाताच्या गोळ्यांचं हे नाटक मी आधी बघितलंय, त्यात भाग घेतलाय, आणि मी आता असल्या अफवांना बळी पडणार नाही. एवढं बोलल्यावर मशीन ओरडायला लागलं, कारण माझा ऑक्सिजन खाली गेला होता. नर्सनं मास्क पुन्हा बसवला आणि बोलायला बंदी केली. बत्तीस वर्षांत मला गप्प बसवणारी ती पहिली व्यक्ती.

डॉक्टर मात्र गेल्या नाहीत. पीपीई किटमधून घामाघूम चेहऱ्यानं पलंगाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पहिली गोळी काचेच्या भांड्यात विषाणू मारते असं दिसलं होतं. भांड्यात तर साबणही मारतो, म्हणून आपण साबण पीत नाही. माणसांवर नीट बघितलं तेव्हा तिचा उपयोग नाही असं ठरलं. ही दुसरी माणसांवर बघितली आहे. सारख्याच आजारी लोकांतल्या अर्ध्यांना ती दिली, अर्ध्यांना नाही, आणि कोणाला काय मिळतंय ते नशिबावर सोडलं. ज्यांना मिळाली त्यांच्यात जास्त लोक घरी गेले. याच कामाचं एक इंजेक्शनही आहे, पण ते आज अख्ख्या नवी मुंबईत मिळत नाही. मग म्हणाल्या, “काका, मी तुम्हाला खात्री देत नाही. पण तुमचं समाधान होईपर्यंत थांबायला तुमच्या फुप्फुसांकडे वेळ नाही.”

मी व्हिडिओ कॉलवर सुनंदाला विचारलं. म्हणजे डॉक्टरांनी फोन धरला, मी नुसता बघत होतो. तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, तुमच्या वडिलांना दिली असती का? डॉक्टर म्हणाल्या, “गेल्या आठवड्यात दिली.” सुनंदा मला म्हणाली, घ्या. मी घेतली.

दहाव्या दिवशी ऑक्सिजन निघाला, पंधराव्या दिवशी घरी आलो. निघताना मी डॉक्टरांना नमस्कार करून म्हटलं, तुमच्या गोळीनं वाचलो. त्यांनी लगेच मान हलवली. म्हणाल्या, गोळीनं, स्टेरॉईडनं, ऑक्सिजननं की आपोआप, ते तुमच्या एकट्यावरून कळत नाही. आणि त्यांच्या वडिलांचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ते नाही राहिले. त्याच गोळीवर होते, तुम्हाला ती सुरू केली त्याच्या आदल्याच दिवशी गेले. मग कागदावर सही करून पुढच्या पलंगाकडे गेल्या. ज्या गोळीनं वडील वाचले नाहीत, ती मला द्यायला त्या मुलीनं हात मागे घेतला नाही, कारण तिचा भरवसा एका माणसाच्या जगण्या-मरण्यावर नव्हता, सगळ्यांच्या एकत्र हिशेबावर होता. तीस वर्षं मी ‘अमक्याला गुण आला, तुम्हीही घ्या’ एवढ्या एका वाक्यावर दुकान चालवलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण अर्धा डॉक्टर असण्याची लाज वाटली. अर्धासुद्धा नव्हतो.

बरं वाटल्यावर दुकान पुतणीच्या स्वाधीन केलं. मग एक दिवस स्कूटर काढून नर्मदाबाईंकडे गेलो. दुकानात त्या बऱ्याच महिन्यांत आल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, रोगाची भीती असेल. त्या चुलीपुढे होत्या. भाकरी थापत होत्या, वाकड्या बोटांनी, शेवटची दोन बोटं वर धरून. भाकरी मात्र गोल होती.

मी ओट्यावर बसलो आणि सांगून टाकलं. त्या वेळी मी ‘माल आला नाही’ म्हणत होतो तेव्हा पाच पाकिटं माझ्या घरात होती. ती मी माझ्यासाठी ठेवली होती. दीड महिना.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

“मना ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “तू खिशातून काडलीस. दुकानातला माल कोन खिशातून देतंय?”

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, घाबरला होतास, सगळेच घाबरले होते, आणि दिलीस ना शेवटी. राग नाही म्हणाल्या. तो धरून बसायला वेळ कोणाला आहे.

मला फार हलकं वाटलं. इतकं, की मी जुन्या सवयीनं म्हणालो, आता पुतणी बघते दुकान, माल कायम असतो, तुमच्या गोळ्या मी स्वतः घरी पोचवत जाईन, पुड्यांवर खूण काढून.

“नको,” त्या म्हणाल्या. “मी खारघरशी आनतंय आता. पोरगा आनतो येताना.”

  त्यांनी माझ्यापुढे भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवली, हात पुसले, आत गेल्या आणि नव्या दुकानाची पिशवी घेऊन आल्या. त्यातलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

“बग, बरोबर हाय का.”

मी चष्मा लावला. नाव वाचलं, ताकद वाचली, मुदत बघितली, चिठ्ठी मागून घेतली आणि तिच्याशी ताडून बघितलं. घाई केली नाही. सगळं ठीक होतं. मी सांगितलं, बरोबर आहे, हीच, रोज एक, जेवणानंतर.

नर्मदाबाईंनी मान डोलावली, पाकीट माझ्याकडून घेतलं आणि आतल्या सुनेला हाक मारली. ती कॉलेजपर्यंत शिकलेली. पाकीट आणि चिठ्ठी तिच्या हातात देऊन म्हणाल्या, “आता तू बग.”

सुनेनं बघितलं. मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ घेतला. मग ‘बरोबर हाय’ म्हणाली, आणि मी भाकरी खायला सुरुवात केली.